अंगावरचे दूध सोडवताना

मूल दीड वर्षाचे झाले की अंगावरचे दूध कधी तोडायचे, हा प्रश्न घरात निघतोच. इंदूरच्या मराठी घरांत त्याची दोन टोकांची उत्तरे अनेकदा एकाच पंगतीत ऐकू येतात. एक आजी "आता पुरे, किती दिवस पाजणार" म्हणते आणि दुसरी "एवढ्यात तोडू नकोस, लेकरू वाळेल" असे बजावते. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला असा आहे की पहिले ६ महिने बाळाला केवळ आईचे दूध द्यावे, त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर ते २ वर्षांपर्यंत चालू ठेवावे आणि आई व मूल दोघांची इच्छा असल्यास त्यापुढेही द्यावे. म्हणजे केवळ वय झाले म्हणून घाई करण्याचे कारण नाही. आई थकली असेल, कामावर रुजू होणार असेल किंवा तिला आता हे थांबवावेसे वाटत असेल, तर तेवढे कारण मात्र पुरेसे आहे आणि त्यासाठी तिने कोणाचीही परवानगी घेण्याची गरज नाही. पुढील सर्व सूचना वर्ष पूर्ण झालेल्या मुलांसाठी आहेत. त्याहून लहान बाळाचे दूध सोडवण्यापूर्वी बालरोगतज्ज्ञांना विचारावे.

वेळ निवडताना पंचांगापेक्षा ऋतू पाहावा. आपल्याकडे वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो आणि मूल पाण्यासाठी कासावीस होते. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांच्या साथी येतात, आणि आजारी मुलाला जेव्हा काहीच जात नाही तेव्हाही अंगावरचे दूध जाते. म्हणून शक्य असेल तर दिवाळीनंतर सुरुवात करावी आणि रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघेपर्यंत निवांतपणे ते काम संपवावे. घर बदलणे, पाळणाघर किंवा बालवाडी सुरू होणे, धाकट्या भावंडाचा जन्म यांसारखे मोठे बदल त्याच आठवड्यांत नसावेत. पुन्हा दिवस राहिले म्हणून लगेच दूध तोडलेच पाहिजे असेही नाही. गर्भारपण निर्वेध असेल तर पाजता येते, मात्र पूर्वी गर्भपात किंवा अकाली प्रसूती झाली असेल तर डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

दूध कमी करण्याआधी ताट भरलेले असले पाहिजे. एक ते दोन वर्षांच्या मुलाला दिवसातून तीन-चार वेळा जेवण आणि मध्ये एक-दोन वेळा खाऊ लागतो. तूप घातलेला मऊ वरणभात, मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, दुधात कुस्करलेली पोळी, दही-भात, उकडलेले अंडे, केळे, हे सगळे घरातलेच आहे. भुट्ट्याचा कीस मिरचीशिवाय केला तर मुले आवडीने खातात. सकाळच्या पोह्यांतले मुलाचे पोहे जिरावण (वरून भुरभुरायचा तिखट मसाला) आणि शेव पडण्याआधी बाजूला काढावेत. आजोबांनी प्रेमाने हातावर ठेवलेली मूठभर शेव हे जेवण नव्हे, ती मिठाने आणि तिखटाने भरलेली असते. अख्खे शेंगदाणे आणि द्राक्षे घशात अडकतात, म्हणून दाण्यांचे कूट करावे आणि द्राक्षे चिरून द्यावीत.

वरचे दूध पिशवीचे असो वा गवळ्याचे, उकळून आणि पेल्यातून द्यावे. वर्षाच्या पुढच्या मुलाला नव्याने बाटली लावणे म्हणजे एक सवय सोडवताना दुसरी लावून घेणे होय, आणि ती सोडवणे पुढे अधिक अवघड जाते. दिवसाला साधारण ४०० ते ५०० मिलीलिटर दूध पुरते. त्याहून जास्त दूध पिणारे मूल जेवत नाही, आणि गाई-म्हशीच्या दुधात लोह फारच थोडे असल्यामुळे अंगातले रक्त कमी होते. अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून ६ महिन्यांपासून ५ वर्षांपर्यंतच्या मुलांना आठवड्यातून दोनदा लोहाचे औषध आणि ९ महिन्यांपासून ठरावीक अंतराने जीवनसत्त्व 'अ' दिले जाते. ते चालू आहे का, हे याच सुमारास पाहून घ्यावे. लहान मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पावडरींची नेहमीचे जेवण जेवणाऱ्या मुलाला गरज नसते.

आता प्रत्यक्ष कृती. पहिले एक-दोन आठवडे एवढेच करावे की आपणहून पाजायचे नाही आणि मुलाने मागितले तर नाकारायचे नाही. अनेक मुलांची दिवसातली दोन-तीन पाजणी केवळ आई बसलेली दिसली म्हणून होत असतात, आणि ती या नियमाने गळून पडतात. त्यानंतर मुलाला सर्वांत कमी हवे असते ते एक पाजणे निवडावे. ते बहुधा दुपारच्या खेळातले असते. त्या वेळेच्या थोडे आधीच खाऊ आणि पाणी द्यावे, जिथे बसून पाजत असू ती जागा टाळावी, पुढून उघडणाऱ्या गाउनऐवजी बंद गळ्याचा कुर्ता घालावा आणि मुलाला बाहेर न्यावे. एक पाजणे सुटल्यावर पाच-सात दिवस थांबून मगच दुसऱ्याला हात घालावा. दीड वर्षापुढच्या मुलाला भाषा कळते, म्हणून त्याला स्पष्ट सांगावे की आता उजेड आहे तोवर दुदू नाही, झोपताना आहे; आणि जे सांगितले ते पाळावे. रडण्याने कंटाळून एकदा देणे आणि एकदा न देणे यातून मूल एवढेच शिकते की जास्त रडले की मिळते.

खरी परीक्षा रात्रीची असते, कारण झोपताना मुलाला दुधापेक्षा आईची कूस हवी असते. पिता पिता झोपण्याची सवय आधी सैल करावी: शेवटचे पाजणे अर्धा तास अलीकडे आणून ते बिछान्याबाहेर, दिवा चालू असताना द्यावे, मग तांदळाच्या दाण्याएवढी टूथपेस्ट लावून दात घासावेत, गोष्ट सांगावी आणि थोपटून झोपवावे. क्रम रोज तोच ठेवावा. पाजण्याचा वेळही हळूहळू आखडता घ्यावा. "दहा आकडे म्हणेपर्यंत" असे सांगून संथ मोजले तर मुले आश्चर्यकारक समजूतदारपणे सोडतात. मध्यरात्री जाग आल्यावर काही रात्री बाबांनी किंवा आजीने उठावे, पाणी द्यावे, खांद्यावर घ्यावे. आईच्या अंगाला दुधाचा वास असतो, त्यामुळे तिच्याच कुशीत दूध नाकारणे मुलाला अधिक कठीण जाते. एकत्र कुटुंबाचा खरा उपयोग होतो तो येथे. मात्र सर्वांचे एकमत आधी व्हायला हवे, नाहीतर रात्री दोनला "अगं, देऊन टाक" हा आवाज पलीकडच्या खोलीतून येतोच.

जुने उपाय मी मनापासून नाकारते. कडुनिंबाचा पाला वाटून लावणे, कोरफडीचा चीक लावणे, मिरचीचे बोट फिरवणे हे सगळे आपल्या आया-आज्यांनी केले आहे. पण कोरफडीचा पिवळा चीक तीव्र रेचक आहे आणि त्याने जुलाब होऊ शकतात. मिरचीने आईची नाजूक त्वचा आणि मुलाचे तोंड दोन्ही भाजते. कुंकू लावून "बाऊ झाला" म्हटल्याने कोवळ्या जिवाला आई दुखावली गेल्याची भीती वाटते. आईला आठ दिवस माहेरी पाठवण्याची रीतही तशीच आहे: मुलाचे दूध आणि आई एकदमच जातात, आणि आईची छाती दगडासारखी होते.

आईच्या शरीराचा हिशेब सोपा आहे: जितके दूध निघते तितके पुन्हा तयार होते, आणि आत साठून राहिले की निर्मिती मंदावते. म्हणून छाती जड झाली तर बरे वाटेल एवढेच दूध हाताने पिळून काढावे. पूर्ण रिकामी करू नये. थंड पाण्याच्या घड्या किंवा फ्रिजमधली कोबीची पाने ठेवल्याने ठणका कमी होतो. आधार देणारी पण न आवळणारी ब्रा वापरावी. पदराने किंवा फडक्याने छाती घट्ट बांधण्याचा सल्ला मिळेल, तो ऐकू नये, कारण त्याने दुधाच्या नळ्या तुंबतात. एखादा भाग लाल, गरम आणि दुखरा झाला व ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, आणि तोवर त्या बाजूचे दूध काढणे बंद करू नये. दूध आटवण्याच्या गोळ्या दुकानातून परस्पर आणू नयेत. रक्तदाबाचा किंवा मानसिक आजाराचा त्रास असलेल्या स्त्रीला त्या घातक ठरू शकतात. पाजणे कमी झाले की पाळी नियमित होऊ लागते आणि दिवस राहण्याची शक्यता वाढते, म्हणून गर्भनिरोधनाचा विचार आधीच करावा. या काळात संप्रेरके बदलत असल्याने उगाच रडू येणे, चिडचिड होणे स्वाभाविक आहे. पण दोन आठवड्यांहून अधिक काळ मन उदास राहिले, झोप-भूक उडाली, तर ते घरात लपवून न ठेवता डॉक्टरांना सांगावे.

मधेच मुलाला ताप आला किंवा दाढा येऊ लागल्या तर आठवडाभर मागे यायला हरकत नाही. बरे वाटल्यावर जिथे थांबलो होतो तेथून पुढे जाता येते. शेवटचे पाजणे सुटल्यावरही काही मुले महिनोन्महिने ब्लाउजमध्ये हात घालून झोपतात. त्यावर रागावू नये. त्या हातात एखादी मऊ ओढणी किंवा आईचा जुना रुमाल द्यावा आणि हात हळूच बाजूला ठेवावा. पिळल्यावर थेंबभर दूध दिसणे काही महिने चालू राहू शकते आणि त्याला उपचार लागत नाही. मात्र ते आपोआप वाहत असेल, त्यात रक्त दिसत असेल किंवा छातीत गाठ हाताला लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवावे.