कराटेत ब्लॅक बेल्टला किती वर्षं लागतात आणि ती कुठे खर्च होतात

शोतोकान कराटेत नियमित जाणाऱ्याला किमान सव्वातीन वर्षं लागतात. नोकरी, शाळा, आजारपण धरलं तर साडेचार ते पाच. शोतोकानच घेतलं, कारण आपल्याकडच्या शाळांत आणि मैदानांवर चालणाऱ्या क्लासमध्ये ही शैली भरपूर दिसते.

सव्वातीनचा हिशेब असा. ब्लॅक बेल्टच्या आधीच्या पायऱ्यांना क्यू म्हणतात. सुरुवात दहाव्या क्यूवर होते आणि तिथून उलट मोजत पहिल्या क्यूपर्यंत यायचं असतं. दहाव्यापासून तिसऱ्यापर्यंत सात परीक्षा, प्रत्येकीत साधारण तीन महिन्यांचं अंतर, म्हणजे २१ महिने. तिसरा, दुसरा आणि पहिला क्यू हे तिन्ही ब्राऊन बेल्टचे. तिथे अंतर सहा-सहा महिन्यांचं, म्हणजे आणखी १८ महिने. एकूण ३९. काही संघटना नवव्या क्यूपासून मोजतात, रंगांचा क्रमही बदलतो. कुणाकडे हिरवा आधी, कुणाकडे निळा. त्यामुळे रंग विचारू नका, क्यू विचारा.

प्रत्यक्षात हा हिशेब लांबतो तो परीक्षेच्या तारखांमुळे. ग्रेडिंग ठरलेल्या दिवशीच होतं, एक चुकलं की तीन महिने गेले. डॅनची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायरीची, परीक्षा तर बाहेरून परीक्षक आल्यावरच होते, अनेक ठिकाणी वर्षातून एकदा किंवा दोनदा. क्लास उघड्या मैदानावर असेल तर पावसाळ्यात दिवस बुडतात. दहावी-बारावीचं वर्ष मध्ये येणार असेल तर आधीच पाहा: ब्राऊन बेल्टच्या सहा महिन्यांच्या अंतरात ते बसवलं तर नुकसान कमी होतं. त्या काळात आठवड्यातून एक दिवस क्लास आणि घरी काता (ठरलेल्या क्रमाच्या हालचाली, एकट्याने करायच्या) एवढं टिकलं तरी पुरतं. पूर्ण बंद केलं तर आधी पाय जातात, मग दम.

वर्षांपेक्षा तास मोजलेले बरे. आठवड्यातून तीन दिवस दीड तास धरला तर १३ आठवड्यांत सुमारे ५८ तास सराव होतो, एका क्यूसाठी तो ठीक आहे. आता ‘दोन वर्षांत ब्लॅक बेल्ट’ ही जाहिरात याच मापाने तपासा. २४ महिन्यांत दहा परीक्षा म्हणजे साधारण दहा आठवड्यांनी एक. क्लास आठवड्यातून दोनदा एक तास असेल तर प्रत्येक बेल्टमागे जेमतेम २० तास. एवढ्यात काताचा क्रम पाठ होतो, स्टान्स, म्हणजे उभं राहण्याची पद्धत, बसत नाही.

दोन वर्षांत कधीच होत नाही असंही नाही. शोतोकानचे जनक गिचिन फुनाकोशी १९२२ मध्ये ओकिनावाहून टोकियोला आले आणि एप्रिल १९२४ मध्ये त्यांनी कराटेतले पहिले डॅन दिले. जिगोरो कानो यांच्या जुदोतली पद्धत त्यांनी उचलली होती. पण ते डॅन मिळवणाऱ्यांत ओत्सुका हिरोनोरी होते, त्यांच्या पाठीशी जुजुत्सूची अनेक वर्षं होती, आणि गिमा शिंकिन तर ओकिनावातच कराटे शिकून आलेले. कोरी पाटी घेऊन आलेल्याने त्यांच्याशी तुलना करू नये.

सातव्या-आठव्या क्यूपर्यंत सगळं भराभर जातं. हेइआन शोदान हा पहिला काता २१ हालचालींचा, पंधरवड्यात पाठ होतो. खरा वेळ खातात ते स्टान्स. झेनकुत्सु दाचीत साधारण ६० टक्के भार पुढच्या पायावर, पुढचा गुडघा पावलाच्या वर, मागचा पाय ताठ आणि टाच जमिनीला. बहुतेकांची टाच उचलली जाते, कारण दोन्ही पाय एका रेषेत येतात आणि कंबर पुढे वळायला जागाच उरत नाही. पावलं खांद्याएवढी रुंद ठेवली की टाच आपोआप खाली बसते. कोकुत्सु दाचीत उलट, सुमारे ७० टक्के भार मागे. इथे दमल्यावर माणूस नकळत मध्ये येतो. किबा दाचीत (घोड्यावर बसल्यासारखं उभं राहताना) गुडघे आत पडतात, ते बाहेर दाबून ठेवायचे.

मावाशी गेरीत, म्हणजे गोल फिरवून मारायच्या किकमध्ये, उभ्या पायाचं पाऊल वळवायला विसरलात तर पीळ सगळा गुडघ्यावर येतो. किक किती उंच जाते याच्याशी त्याचा संबंध नाही, कमरेच्या उंचीवरही गुडघा दुखावतो. लहान मुलांच्या बाबतीत पालकांनी उंच किकचे व्हिडिओ काढण्याऐवजी हे पाऊल पाहावं.

सगळ्यात जास्त मंडळी अडकतात ती ब्राऊन बेल्टवर. दीड वर्ष रंग बदलत नाही, शिकायला नवीन काता एखाददुसराच, आणि सर रोज तीच ओई झुकी (पुढे पाऊल टाकत मारायचा पंच) दुरुस्त करतात. क्लास सुटतो तो इथेच. या दीड वर्षाचं वेळापत्रक स्वतः आखावं लागतं:

– रोज एक जुना काता: पाच हेइआन आणि टेक्की शोदान, सहा दिवसांत एक फेरी. डॅनच्या परीक्षेत परीक्षक यांतला कुठलाही सांगू शकतात. स्वतःचा काता उत्तम करून हेइआन योंदानमध्ये चुकणारे उमेदवार कमी नसतात.

– स्वतःचा काता लवकर ठरवा: बासाई दाई, कांकू दाई, एंपी, जिओन, हांगेत्सु यांपैकी एक. बासाई दाई ४२ हालचालींचा, कांकू दाई ६५ चा. दम कमी पडत असेल तर कांकू दाईचा हट्ट नको. जड बांध्याच्या माणसाला एंपीतली उडी महागात पडते, त्याला जिओन बरा.

– जियू इप्पोन कुमिते (जोडीदाराचा एक हल्ला अडवून उलट मारण्याचा सराव) आठवड्यातून दोनदा, वेगवेगळ्या उंचीच्या जोडीदाराबरोबर. इथली नेहमीची चूक म्हणजे ब्लॉक करताना फार मागे जाणं. मग ग्याकु झुकी, म्हणजे मागच्या हाताचा पंच, पोचत नाही, पोचवायला अंग पुढे झुकतं आणि परीक्षकाला तेच आधी दिसतं. मागे सरकण्याऐवजी तिरकं सरका. हल्ला करणाऱ्यानेही खरा पंच मारायचा; वीतभर अलीकडे थांबणारा पंच जोडीदाराचा ब्लॉक बिघडवतो.

शेवटचे तीन महिने आठवड्यातून एकदा सगळं सलग करा: किहोन (मूलभूत तंत्रं), लगेच काता, लगेच कुमिते, पाणी न पिता पाऊण तास. परीक्षेला गर्दी असते, थांबून अंग थंड होतं आणि मग अचानक नाव पुकारलं जातं. म्हणून कधीकधी दहा मिनिटं बसून, उठल्या उठल्या काता करायचाही सराव ठेवा.

नापास होणं यात सामान्य आहे. बऱ्याचदा एकच भाग राहतो, पुढच्या खेपेला तो पक्का करून जायचं. क्लास बदलून दुसऱ्या संघटनेत लगेच डॅन मिळवण्याचा मोह टाळा, ते सर्टिफिकेट जुन्या संघटनेत सहसा चालत नाही.

इतर प्रकारांचं गणित वेगळं आहे. तायक्वांदोत कोरियातल्या कुक्कीवॉन या संस्थेचा डॅन मिळतो. पंधरा वर्षांखालच्या मुलांना त्याऐवजी पूम (मुलांसाठीची तशीच पायरी) दिला जातो, आणि पहिल्या डॅननंतर दुसऱ्यासाठी किमान एक वर्ष थांबावं लागतं. ब्राझिलियन जिउ-जित्सूत सगळ्यात जास्त वेळ जातो: तिथल्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांत ब्लू बेल्टवर दोन वर्षं, पर्पलवर दीड, ब्राऊनवर एक, हे मोठ्यांसाठी किमान, प्रत्यक्षात दहा वर्षं सहज होतात. कोल्हापूरच्या मर्दानी खेळात बेल्टच नाही, त्यामुळे प्रश्नच उरत नाही.

प्रवेश घेतानाच सरांना तीन गोष्टी विचारा. डॅनचं सर्टिफिकेट कोणत्या संघटनेचं आणि नोंदणी कुठे होते? मासिक फीशिवाय परीक्षेची, सर्टिफिकेटची आणि डॅन नोंदणीची फी किती? सरांचा स्वतःचा डॅन कितवा आणि कुणाकडून? उत्तर देताना टाळाटाळ झाली तर दुसरा क्लास पाहा. कराटेत सगळ्या शैलींना एकच डॅन देणारी जागतिक संस्था नाही, म्हणून हे विचारणं भाग आहे. खेळाडूंच्या सवलतींसाठी मान्यताप्राप्त स्पर्धेतली कामगिरी पाहतात, नुसत्या बेल्टवर भिस्त ठेवू नका.

डॅनच्या फॉर्मवर नाव पासपोर्टवर किंवा आधारवर आहे तसंच, त्याच स्पेलिंगने लिहा, आणि पहिल्या क्यूचं सर्टिफिकेट जपून ठेवा. डॅनच्या परीक्षेला बसताना ते मागतात.