कावीच्या भिंतीचा निखळलेला तुकडा कसा भरावा

गोव्यातल्या मोरजीच्या मोरजाई मंदिरात दिसते ती कावी: पांढऱ्या गिलाव्यावर हुरमुंजाचा, म्हणजे तांबड्या मातीच्या रंगाचा, थर द्यायचा आणि तो खरवडून नक्षी उघडी पाडायची. युरोपातल्या चर्चमधल्या फ्रेस्को भित्तिचित्रांत ओल्या चुन्यावर रंग लावतात, इथे रंगीत थर कोरतात. पण दोन्हीकडे गोंद नसतो. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो आणि रंग धरून ठेवतो. म्हणून डागडुजीला चुनाच हवा. सिमेंटने जांभ्याच्या भिंतीतली ओल कोंडते, मग ती शेजारच्या जुन्या कावीतून बाहेर पडते, लोणा (क्षारांचा पांढरा थर) धरतो आणि चांगला भागही भुगा होऊन गळतो.

आधी ओलीचं मूळ शोधा: फुटलेलं कौल, तुंबलेली पन्हळ. ते दुरुस्त करून भिंत पूर्ण वाळू द्या. काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीतच घ्या. वास्तू संरक्षित असेल तर पुरातत्त्व विभागाच्या परवानगीशिवाय हात लावू नका.

कळीचा किंवा शिंपल्यांचा चुना लोखंडी पिंपात विरवा. आधी पाणी, मग चुना थोडा थोडा, डोळ्यांना चष्मा हवाच, चुना उसळतो. गाळून पाण्याखाली महिनाभर तरी मुरू द्या. न विरलेले कण राहिले की गिलाव्यावर पुढे फोड येतात. वाळू नदीची, धुतलेली. किनाऱ्यावरची नको, तिच्यातलं मीठ पुन्हा लोणा आणतं.

निखळलेल्या जागेच्या कडा पोकळ नाहीत ना, हे बोटाने हलकेच ठोकून पाहा. शेजारची नक्षी ट्रेसिंग कागदावर उतरवा. जागा झाडून भिजवा आणि एक भाग चुना, तीन भाग वाळूचा थर द्या. तो घट्ट झाल्यावर पुन्हा भिजवून समभाग चुना व बारीक वाळूचा पांढरा थर द्या, गुळगुळीत दगडाने घोटा.

खरी कसोटी पुढे आहे. पांढरा थर दमट असतानाच हुरमुंज मिसळलेल्या चुन्याचा एक-दोन मिलिमीटर थर चढवायचा. पांढरा वाळला तर लाल पापुद्र्यासारखा सुटतो. हुरमुंज चुन्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त घालू नये, नाहीतर रंग बोटाला लागतो. तेवढाच भाग लावा जेवढा त्याच दिवशी कोरून होईल.

अंगठा चिकटत नाही पण नख उमटतं, ही कोरायची वेळ. ट्रेसिंगला टाचणीने भोकं पाडून कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी आपटा, वर्तुळं परकाराने काढा, मग लोखंडी काट्याने लाल खरवडा. काप उभा नको, किंचित उतरता ठेवा. उभ्या कडा टवके होऊन उडतात. लाल फाटून ओढला जात असेल तर थर अजून ओला आहे, थांबा. भुगा उडत असेल तर वेळ टळली. तो भाग काढून नव्याने लावा.

आठवडाभर समोर ओलं गोणपाट टांगा, भिंतीला न टेकवता, आणि दिवसातून दोनदा बारीक फवारा मारा. वॉर्निश लावू नका. ओल त्याच्याही मागे कोंडते. नवा तुकडा सुरुवातीला गडद दिसतो, वाळला की उजळतो, म्हणून रंग जुळवायचा तो वाळलेल्या नमुन्यावरून.