बदकाचं तिकीट: अमेरिकेच्या डक स्टँप स्पर्धेसाठी चित्र कसं तयार करावं

दर सप्टेंबरात अमेरिकेतल्या एखाद्या सभागृहात पाच परीक्षक बसतात आणि डक स्टँप नावाच्या तिकिटासाठी आलेल्या दोनेकशे बदकांच्या चित्रांना एकामागून एक 'आत' किंवा 'बाहेर' ठरवतात. मी हा कार्यक्रम रात्रीचं जेवण उरकून इंटरनेटवर थेट पाहतो. त्यात पाहण्यासारखं काय आहे, हे घरच्यांना अजून समजलेलं नाही. न्यू जर्सीत राहणारा माझा भाचा चित्रं बरी काढतो. "मामा, मी पाठवू का?" असं त्याने विचारलं, आणि त्याला लिहिलेल्या सूचना वाढत वाढत हा लेख झाला.

आधी तिकिटाविषयी. 'तिकीट' म्हणत असले तरी ते पाकिटावर चिकटवून पत्र पोचत नाही. १९३४ साली झालेल्या कायद्यानुसार सोळा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. तेव्हा त्याची किंमत एक डॉलर होती, २०१५ पासून पंचवीस आहे. त्यातल्या प्रत्येक डॉलरमधले ९८ सेंट पाणथळ जागा विकत किंवा कराराने घेऊन राखण्यासाठी जातात. आजवर ६० लाख एकरांच्या आसपास जमीन अशी वाचली आहे. शिकाऱ्याच्या खिशातून पक्ष्याचं घर, हा हिशेब आपल्याकडच्या पक्षीमित्रांना पचायला जड जातो, मलाही गेला होता. पण तिकडे तो नव्वद वर्षं चालला आहे.

पहिलं तिकीट जे. एन. 'डिंग' डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं. तेव्हा तो वन्यजीवांचा कारभार पाहणाऱ्या सरकारी खात्याचा प्रमुख होता. शर्टाच्या घडीत धोबी घालतो त्या पुठ्ठ्यावर त्याने घाईघाईने केलेली रेखाटनं थेट तिकिटावर गेली, अशी गोष्ट सांगतात. सगळ्यांसाठी खुली स्पर्धा १९४९ पासून सुरू झाली. आता पुठ्ठ्यावर भागत नाही.

पहिली पायरी: आपण पात्र आहोत का

वय अठरा पूर्ण हवं. अमेरिकेचं नागरिकत्व हवं किंवा कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ग्रीन कार्ड. नुसत्या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांनी इथेच थांबावं. प्रवेशशुल्क १२५ डॉलर आहे आणि ते परत मिळत नाही. एका माणसाला एकच चित्र पाठवता येतं. आदल्या तीन वर्षांत जिंकलेल्या चित्रकाराला भाग घेता येत नाही, आणि ही अट नवख्यांच्या फायद्याची आहे. मिनेसोटाच्या जिम, ज्यो आणि बॉब या हॉटमन बंधूंनी मिळून डझनाहून जास्त वेळा ही स्पर्धा जिंकली आहे. तीन वर्षांचा अडसर नसता तर बाकीच्यांनी ब्रश धुऊन ठेवले असते.

मुलांसाठी वेगळी कनिष्ठ स्पर्धा आहे. तिच्याकडे शेवटी येतो.

दुसरी पायरी: यंदाचा पक्षी आणि यंदाचे नियम

मनाला येईल ते बदक काढून चालत नाही. दरवर्षी जास्तीत जास्त पाच जातींची यादी जाहीर होते, त्यातलीच निवडावी लागते. सगळ्यात सुंदर दिसणारी जात घेऊ नका, जी तुम्ही डोळ्यांनी पाहिली आहे ती घ्या. यादीत कधी तलवार बदक असतं, कधी थापट्या. हे दोघे थंडीत उजनीला आणि नांदूर मध्यमेश्वरलाही उतरतात, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांची त्यांच्याशी लहानपणापासून ओळख आहे. २०२४-२५ च्या तिकिटावर तलवार बदकच होतं.

नियम मात्र त्याच वर्षीचे वाचा. अमेरिकेच्या मत्स्य व वन्यजीव खात्याच्या संकेतस्थळावर ते असतात. २०२० च्या स्पर्धेत चित्रात शिकारीशी संबंधित काहीतरी दाखवणं सक्तीचं होतं, म्हणून कित्येकांच्या बदकांजवळ पाण्यात काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या तरंगत होत्या. पुढे ती अट काढून टाकली. जुनी चित्रं पाहून तयारी करणारा अशा ठिकाणी फसतो.

कायमचा नियम असा, की जिवंत पक्षी हाच चित्रातला मुख्य विषय हवा. यामागे दोन तिकिटं आहेत. १९५९ च्या तिकिटावर तोंडात बदक धरलेला लॅब्रॅडॉर कुत्रा होता. त्याचं नाव किंग बक, आणि चित्राचा नायक तोच. १९७५ च्या तिकिटावर तर बदकांना भुलवायला पाण्यात सोडतात ते लाकडी बदक होतं, रंग उडालेलं. चित्र म्हणून ते मला आजही आवडतं. पण त्यानंतर नियम बदलला.

तिसरी पायरी: संदर्भ स्वतःचे

भाच्याला मी सगळ्यात जास्त याच्याचबद्दल बजावलं. चित्र तुमच्या हातचं आणि तुमच्या डोक्यातलं हवं. छापलेल्या चित्रावरून, दुसऱ्याच्या छायाचित्रावरून, इंटरनेटवर सापडलेल्या कुठल्याही प्रतिमेवरून नक्कल केली तर प्रवेश बाद. संगणकाने तयार केलेलं किंवा प्रिंटरमधून काढलेलंही चालत नाही. रंग फवारणाऱ्या एअरब्रशला मात्र परवानगी आहे.

मग संदर्भ आणायचे कुठून? थंडीत पाणथळावर जाऊन. न्यू जर्सीकरांना अटलांटिक सिटीजवळचं एडविन बी. फोर्साइथ अभयारण्य आहे, तिथे गाडीतूनच फेरी मारता येते. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटच्या आसपास राहणाऱ्यांना डॉन एडवर्ड्स अभयारण्य घराशेजारीच. प्रवेशशुल्क घेणाऱ्या राष्ट्रीय वन्यजीव अभयारण्यांत पंचवीस डॉलरचं हे तिकीट वर्षभराचा पास म्हणून चालतं, तेव्हा शिकार करायची नसली तरी एक घेऊन ठेवा. एकाच पक्ष्याचे दहा फोटो काढण्यापेक्षा अर्धा तास नुसतं बघा. बसलेलं बदक पाण्यात किती बुडालेलं असतं, मान आखडल्यावर छातीची पिसं कशी फुगतात, हे कॅमेऱ्यापेक्षा पेन्सिलीने लवकर कळतं.

चौथी पायरी: पिसं मोजणाऱ्यांसाठी चित्र काढा

परीक्षक तीन गोष्टी पाहतात. पक्ष्याची शरीररचना बरोबर आहे का, मांडणी कशी आहे, आणि चित्र तिकिटावर उतरेल का. बहुतेकांचा बळी पहिलीच गोष्ट घेते. पाचांमध्ये पाणपक्ष्यांचा जाणकार असतो आणि त्याला फसवता येत नाही.

नेहमी होणाऱ्या चुका सांगतो, यातल्या दोन मी स्वतः केल्या आहेत. शेपटीवरची वर वळलेली पिसं फक्त मॅलार्ड या बदकाच्या नराला असतात; हौसेने ती मादीलाही लावली जातात. तलवार बदकाच्या नराच्या मानेवरची पांढरी रेघ वर जाताना निमुळती होत डोक्याच्या मागच्या बाजूला शिरते. ती सरळ पट्टीसारखी ओढली की पक्षी खेळण्यातला दिसतो. पंखावरचा चमकदार पट्टा मिटलेल्या पंखात बऱ्याचदा झाकलेला असतो. तो छान दिसतो म्हणून ओढूनताणून बाहेर काढू नका. उडतं बदक काढणार असाल तर पंखाच्या टोकाची मोठी पिसं मोजा, एका पंखाला दहा.

याहून बारीक चूक ऋतूची. लग्नाच्या शालूसारखा नराचा तो झगमगीत पिसारा वर्षभर नसतो. उन्हाळ्यात तो झडतो आणि नर जवळजवळ मादीसारखा मळकट होतो. उडायची पिसंही एकदमच गळतात, त्यामुळे काही आठवडे त्याला उडताच येत नाही. म्हणजे पाठीमागे ऐन जुलैतली फुललेली कमळं आणि पुढे पूर्ण रंगातला नर हवेत झेप घेतोय, असं चित्र कितीही देखणं असलं तरी खोटं. आधी महिना ठरवा. मग त्या महिन्यातलं गवत, पाण्याचा रंग, सावलीची लांबी आणि पिसारा हे सगळं एकमेकांशी जुळवून घ्या.

पाचवी पायरी: माप

चित्र आडवंच हवं, दहा इंच रुंद आणि सात इंच उंच. त्याभोवती पुठ्ठ्याची एक इंचाची शुभ्र पांढरी किनार (माउंट), म्हणजे बाहेरून माप बारा बाय नऊ. माउंटसकट जाडी पाव इंचाच्या वर नको. सुताराच्या भाषेत दोन सूत. जाड फळीवर रंगवणारे इथे अडकतात, म्हणून कामाला लागण्यापूर्वीच पातळ हार्डबोर्ड किंवा जाड कागद घ्या. चौकट नको, काच नको. तैलरंग, अॅक्रिलिक, जलरंग, पेन्सिल, काहीही चालतं, कृष्णधवलही. जिंकणारी चित्रं बहुधा तैलरंगात किंवा अॅक्रिलिकमध्ये असतात, पण तसा नियम नाही.

चित्राच्या दर्शनी बाजूवर एक अक्षरही नको. उजव्या कोपऱ्यात सही ठोकायची आपली सवय इथे महागात पडते. आद्याक्षरं नकोत, पक्ष्याच्या पायातल्या कड्यावरचा आकडाही नको. परीक्षकांना चित्र कोणाचं हे कळू द्यायचं नसतं.

रंगवताना दर दोन-तीन दिवसांनी एक उद्योग करा. चित्राचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो दोन बोटांच्या रुंदीएवढा लहान करून बघा. शेवटी चित्र तेवढंच होणार आहे. पक्ष्याची कडा पार्श्वभूमीत हरवत असेल, डोळा दिसत नसेल, मागचे लव्हाळे आणि पाण्यावरच्या लाटा मिळून गिचमिड होत असेल, तर तपशील कमी करा. मोठ्या कागदावर भारावून टाकणारी पहाट तिकिटावर नुसता नारिंगी डाग होते.

सहावी पायरी: पाठवणं

चित्रं १ जूनपासून १५ ऑगस्टपर्यंत स्वीकारतात. चित्राबरोबर प्रवेशिका, शुल्क आणि सह्या केलेले करारनामे जातात. करारात चित्र तिकिटासाठी वापरण्याचा हक्क सरकारला द्यावा लागतो, तो नीट वाचूनच सही करा. तैलरंग पुरता वाळायला हवा, म्हणजे तैलरंगात काम करणाऱ्याने जूनमध्येच हात थांबवलेला बरा. चित्रावर पारदर्शक प्लास्टिकचा कागद घाला, दोन्ही बाजूंनी कडक पुठ्ठा लावा आणि शक्यतो विमा उतरवून पाठवा.

मग सप्टेंबर. पहिल्या फेरीत पाचांपैकी तिघांनी 'आत' म्हटलं की चित्र पुढे जातं. बाद झालेल्यांतून प्रत्येक परीक्षक आपल्या पसंतीची काही, फार तर पाच, चित्रं परत आणू शकतो. ही सोय मला फार माणुसकीची वाटते. दुसऱ्या फेरीत एक ते पाच गुण, शेवटच्या फेरीत तीन ते पाच. गुणांच्या पाट्या सगळ्यांसमोर वर होतात, त्यामुळे आपलं चित्र कोणी पाडलं हे घरबसल्या दिसतं.

बक्षीस रोख नसतं. गृहमंत्र्यांच्या सहीचा तिकिटांचा एक ताव मिळतो, बस. इथे गृहमंत्री म्हणजे पोलिसांचा नव्हे, अमेरिकेत हे खातं जमीन, जंगलं आणि वन्यजीव सांभाळतं. कमाई होते ती चित्राच्या प्रती विकून, आणि एकेकाळी ती इतकी होती की १९८१ साली दोन हजारांहून जास्त चित्रं आली होती.

मुलांसाठी

बालवाडीपासून बारावीपर्यंतच्या मुलांची कनिष्ठ स्पर्धा राज्यवार चालते. शुल्क नाही. कागद बारा बाय नऊ इंचाचा, आडवा, माउंटशिवाय. समोर सही किंवा अक्षरं नकोत, हे इथेही तसंच. पक्षी उत्तर अमेरिकेतलं स्थानिक बदक, हंस किंवा कलहंस हवा. चित्रासोबत मुलाने स्वतःच्या शब्दांत निसर्गरक्षणाचा छोटा संदेशही लिहिता येतो. मुदत बहुधा फेब्रुवारीच्या मध्याला संपते, पण तुमच्या राज्याची तारीख पाहून घ्या. संदेश आईबाबांनी लिहून देऊ नये. वाचणाऱ्याला ते पहिल्या ओळीत कळतं, आणि "पाणथळ परिसंस्थेचे संवर्धन" असं सात वर्षांचं पोर बोलत नाही.

भाच्याने यंदा चित्र पाठवलं नाही. त्याच्या तलवार बदकाच्या मागे कमळं निघाली.