बिटमॅप टर्मिनल घेताय? आधी वायरीचा हिशोब करा

बिटमॅप ग्राफिक्सवालं टर्मिनल (दुसऱ्या कॉम्प्युटरला वायरीने जोडलेला स्क्रीन-कीबोर्ड, ज्यात प्रत्येक पिक्सेल वेगळा रंगवता येतो) घ्यायचं म्हटलं की सगळे आधी स्क्रीन बघतात, किती इंच, किती पिक्सेल, कलर आहे का वगैरे. बघा की, पण त्याच्या आधी हे विचारा की वायरीवरून नक्की जाणार काय, तयार चित्र की चित्र काढायचे हुकूम?

हिशोब सोपाय. समजा 800 × 1024 चा ब्लॅक अँड व्हाइट स्क्रीन आहे, पिक्सेलला एक बिट, म्हणजे 102400 बाइट झाले. सिरियल लाइन (एकामागोमाग एक बिट पाठवणारी वायर) सेकंदाला 9600 बिटची असेल तर स्टार्ट आणि स्टॉप बिट धरून एका बाइटला 10 बिट जातात, म्हणजे सेकंदाला 960 बाइट, म्हणजे एक स्क्रीन भरायला 107 सेकंद! चहा टाकून या तोवर. त्याच लाइनवर 80 × 24 चं टेक्स्ट टर्मिनल 2 सेकंदात भरतं, म्हणून टेक्स्टवाले "9600 मस्त चालतं" म्हणतात ते खरंय पण आपल्या कामाचं नाही.

मग अमेरिकेतल्या बेल लॅब्स या प्रयोगशाळेतलं 1982 च्या आसपासचं ब्लिट नावाचं टर्मिनल याच 800 × 1024 वर सिरियल लाइनने कसं चालायचं? तर त्यात स्वतःचा 68000 नावाचा प्रोसेसर आणि 256 केबी मेमरी होती, प्रोग्रामचा एक भाग टर्मिनलमध्येच उतरवायचा, मग माउस, मेनू, विंडो सगळं तिथल्या तिथे, लाइनवरून फक्त कामापुरतं जायचं. फक्त उतरवताना थांबावं लागतं, 40 केबीचा प्रोग्राम 9600 वर 43 सेकंद खातो. तर लाइन स्लो असेल तर डोकं असलेलं टर्मिनलच घ्या, आणि 19200 मिळत असेल तर सोडू नका.

स्पीड वाढवला की फ्लो कंट्रोल (टर्मिनलला झेपेना की समोरच्याला "थांब" सांगायची सोय) तपासायचा. मोठी फाइल कॅट करा (युनिक्सच्या cat कमांडने स्क्रीनवर ओता) आणि अक्षरं गळतायत का बघा, गळत असतील तर वेगळ्या तारांवरून थांब-चालू सांगणारं हार्डवेअरवालं आरटीएस-सीटीएस लावा कारण एक्सऑन-एक्सऑफ तेच डेटामधल्या खास अक्षरांनी सांगतं आणि बायनरी डेटात घोळ घालतं.

एक्स टर्मिनल (युनिक्सची एक्स ही विंडो सिस्टिम चालवणारं टर्मिनल) घेणार असाल तर इथरनेटच. सिरियलवर एक्स चालतं, पण ते चालणं म्हणजे रांगणं. जुन्या 10 एमबीपीएस इथरनेटवर 1152 × 900 चा 8 बिट कलर स्क्रीन कागदोपत्री 0.83 सेकंदात जातो, पण एकाच केबलवर दहा जण बसले की तो आकडा विसरा. कलर खरंच लागतोय का हे इथेच ठरवा, कारण कलरने डेटा आठपट होतो.

आणि लेटन्सी, म्हणजे निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ! हे बरेच जण विसरतात. एक्स प्रोग्राम सुरू होताना सर्व्हरला (एक्समध्ये सर्व्हर म्हणजे आपलं टर्मिनलच) प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसतो, असे 200 प्रश्न आणि प्रत्येकाला 50 मिलिसेकंद म्हणजे 10 सेकंद गेले, तिथे कितीही जाड लाइन टाका फरक पडत नाही. म्हणून लांबून जोडणार असाल तर आधी पिंग कमांडने हा वेळ बघा.

मेमरीत कंजुषी करू नका, फाँट आणि पिक्समॅप (साठवून ठेवलेली चित्रं) टर्मिनलमध्येच साठतात, मेमरी संपली की बॅडअलॉक (मेमरी मिळाली नाही) एरर येऊन प्रोग्राम मरतो, आणि आपण बसतो नेटवर्कला शिव्या देत.