बेटांवरच्या जर्मन कमांडरचं आयुष्य लिहायचंय? आधी तारखा लावा

दुसऱ्या महायुद्धात फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची ब्रिटनची चॅनल बेटं जर्मनांच्या ताब्यात होती आणि तिथला कमांडर म्हटलं की बहुतेक वेळा रुडॉल्फ ग्राफ फॉन श्मेट्टो हेच नाव येतं, सोबत ठरलेलं वाक्यही येतं, की माणूस सभ्य होता, जुन्या खानदानातला. तुम्ही त्याच्यावर लिहायला बसलात तर हे वाक्य तूर्त बाजूला ठेवा, ते पहिल्या ओळीत आलं की पुढचं सगळं त्याच रंगात रंगतं. (आणि 'ग्राफ' हे नाव नाही बरं का, उमरावाची पदवी आहे.)

पहिलं काम म्हणजे एक कागद घेऊन त्यावर काळाची रेघ आखायची आणि कमांड कधी कोणाकडे होती ते लिहायचं. श्मेट्टो १९४० च्या शरदात आला, १९४१ च्या उन्हाळ्यात ३१९ वी इन्फंट्री डिव्हिजन आली तेव्हा कमांड तिच्या जनरल म्युलरकडे गेली, १९४३ मध्ये परत श्मेट्टोकडे आली आणि फेब्रुवारी १९४५ अखेर त्याला काढून व्हाइस अ‍ॅडमिरल ह्युफमायरला बसवलं, कारण दिलं तब्येतीचं. आता या रेघेवर घटना टाका. लोकांचे रेडिओ जप्त झाले जून १९४२, दोन हजारांवर लोकांना जर्मनीतल्या कॅम्पांमध्ये पाठवायला सुरुवात झाली सप्टेंबर १९४२. दोन्ही म्युलरच्या काळात! म्हणजे श्मेट्टो सुटला? थांबा, घाई नको. ज्यूंनी नाव नोंदवावं हा पहिला आदेश ऑक्टोबर १९४० चा आहे, तेव्हा हाच होता. मी पहिल्यांदा ही रेघ आखली तेव्हा नेमकी हीच तारीख टाकायची राहिली आणि सगळं चित्रच गुळगुळीत झालं.

दुसरं, जे सगळ्यात किचकट आहे, हुकूम कोणाचा चालायचा. सैन्य कमांडरचं, पण लोकांचा कारभार फेल्डकोमांडांटूर ५१५ या जर्मन लष्करी प्रशासन कचेरीकडे आणि बरेचसे कायदे तिला पॅरिसच्या लष्करी प्रशासनाकडून यायचे, बांधकाम ऑर्गनायझेशन टोट या नाझी बांधकाम संघटनेचं, आणि ऑल्डर्नी बेटावरचा सिल्ट कॅम्प मार्च १९४३ पासून एसएस या नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेकडे. २०२४ च्या ब्रिटिश चौकशीत ऑल्डर्नीवर ६४१ ते १,०२७ माणसं मेली असावीत असा अंदाज निघाला. 'एसएस त्याच्या हाताखाली नव्हती' हे खरंच, पण बेट त्याच्याच क्षेत्रात होतं, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच परिच्छेदात लिहा, एक वर आणि दुसरी तळटिपेत असलं काही करू नका.

शेवटच्या हिवाळ्यावर मात्र हात सैल सोडा. ऑगस्ट १९४४ मध्ये सां मालो हे फ्रेंच बंदर दोस्तांच्या हाती पडलं आणि फ्रान्सहून येणारी रसद तुटली, बेटावरचे लोक आणि सैनिक दोघंही उपाशी. २७ डिसेंबरला रेड क्रॉसचं वेगा जहाज गर्न्सी बेटाला लागलं, त्यातली पार्सलं फक्त नागरिकांसाठी, आणि ती उतरताना बघणारे सैनिक स्वतः भुकेले. तरी ती पार्सलं बहुतांशी लोकांच्याच हातात पडली. श्मेट्टोबद्दल चांगलं बोलणारे याकडे बोट दाखवतात आणि माझ्या मते इथे त्यांना मार्क द्यायलाच हवेत.

ह्युफमायर कट्टर नाझी, त्यामुळे मार्च १९४५ मधला ग्रानव्हिल या दोस्तांच्या ताब्यातल्या फ्रेंच बंदरावरचा छापा आपण सरळ त्याच्या खात्यात टाकून मोकळे होतो. पण तोच छापा फेब्रुवारीत एकदा निघून अर्ध्यातूनच फिरला होता, तेव्हा कमांड श्मेट्टोकडेच होती! हेही रेघेवर टाका.

आणि ९ मे १९४५ च्या शरणागतीबद्दल लिहाल तेव्हा नाव तपासून घ्या: बुलडॉग या ब्रिटिश युद्धनौकेवर सही केली ती ह्युफमायरच्या वतीने जनरल हाइनेने, श्मेट्टोने नाही. तो तेव्हा बेटांवर नव्हताच.