झड उघडली म्हणून युरियाची थैली फोडू नका

चार-पाच दिवसांची झड उघडते आणि काळ्या वावरातली पऱ्हाटी (कपाशी) पिवळी दिसू लागते. सखल भागात सरीत पाणी उभं असतं, पाय चिखलात रुततो. शेजारचा कास्तकार धुऱ्यावरून हाक मारतो, "भाऊ, एक-एक थैली युरिया दे, आठ दिवसांत हिरवी होते पाहा." दुपारपर्यंत कृषी केंद्रासमोर रांग लागलेली असते. जुलैच्या मध्यापासून पोळ्यापर्यंत प्रत्येक मोठ्या झडीनंतर हे होतं. यंदा त्या दिवशी थांबा, एवढं या सल्ल्यातलं पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगणं आहे. वावराला वापसा, म्हणजे पाणी निथळून कामाजोगी ओल, येईपर्यंत युरिया जमिनीत देऊ नका.

पिवळेपणा पाहून नत्र (नायट्रोजन) कमी पडलं असं वाटतं, आणि ते काही अंशी खरंही असतं. पण अडचण मुळांपाशी असते. आपली काळी माती फुगते, तिच्यातली हवेची पोकळी पाण्याने भरते आणि मुळं गुदमरतात. गुदमरलेलं मूळ नत्र उचलत नाही, मग ते किती का टाकलेलं असेना. त्याच वेळी मातीतले काही जीवाणू वेगळंच काम सुरू करतात. हवेतला ऑक्सिजन मिळेनासा झाला, की ते मातीतल्या नायट्रेटमधला ऑक्सिजन ओढून घेतात. नायट्रेट म्हणजे पीक ज्या रूपात नत्र जास्त घेतं ते रूप. त्यातला ऑक्सिजन गेला, की नत्र वायू होऊन वर उडून जातं. श्रावणातल्या उबदार मातीत याला दोन-तीन दिवस पुरतात. वावर पूर्ण बुडालेलं असताना यातला बराच भाग साधा नायट्रोजन होऊन जातो. पाणी ओसरत असताना, माती अर्धी ओली अर्धी मोकळी असते तेव्हा, नायट्रस ऑक्साइड हा हवा तापवणारा वायू जास्त सुटतो.

वरून फेकलेल्या युरियाचं तर त्याहून वाईट. काही साचलेल्या पाण्यात विरघळून नाल्याला जातो, काही अमोनिया होऊन उडतो. जे उरतं त्याचं ऊन पडल्यावर नायट्रेट होतं आणि पुढच्या झडीत तेही जातं. मी स्वतः एका वर्षी तीन एकर पऱ्हाटीत अशाच ओल्या वावरात तीन थैल्या फेकल्या होत्या. उंचवट्यावरची झाडं सुधारली. जिथे पाणी उभं होतं आणि जिथे खताची खरी गरज वाटत होती, तिथली महिनाभर तशीच पिवळी राहिली. खत गेलं, मजुरी गेली, आणि पात्या (फुलकळ्या) गळाल्या त्या वेगळ्याच.

मग झड उघडल्यावर करायचं काय? आधी पाणी काढा. उताराच्या बाजूला धुरा फोडून चर द्या. वापसा आला का हे मुठीने कळतं. चार बोटं खालची माती मुठीत दाबा. ती हाताला चिकटून राहिली तर अजून वेळ आहे. गोळा झाला आणि अंगठ्याने दाबताच फुटला, तर डवरा (ओळींमधला कोळपा) घाला. डवरणीने वरची पापडी फुटते, मुळांना हवा मिळते, आणि पुष्कळदा एवढ्यानेच पीक तरतरी धरतं. डवऱ्याच्या जानोळ्याला (पास धरणाऱ्या दांड्यांना) दोरी गुंडाळून डवरलं, तर ओळींमध्ये सरी पडते. पुढच्या पावसाचं जास्तीचं पाणी तिच्यातून निघतं आणि कमी पावसात तीच सरी ओल धरते. ज्यांनी पेरणीच रुंद वरंबा-सरीवर केली, त्यांचा हा त्रास आधीच निम्मा झालेला असतो.

मुळं सावरेपर्यंत पिकाला पानांतून खाऊ घालता येतं. 10 लिटर पाण्यात 200 ग्रॅम युरिया म्हणजे दोन टक्क्यांचं द्रावण होतं. 15 लिटरच्या पंपाला 300 ग्रॅम धरा. फवारणी सकाळी किंवा ऊन उतरल्यावर करा. पंप तणनाशकाला वापरला असेल तर तो नीट धुऊन घ्या, कारण पऱ्हाटी तणनाशकाच्या उरल्यासुरल्या थेंबानेही वाकडी होते.

जमिनीतला हप्ता वापसा आल्यावर, झाडापासून चार बोटं अंतरावर, चार बोटं खोल, आणि लगेच मातीआड. मातीआड का, हे घरी पाहता येतं. बरणीत आपल्या वावरातली मूठभर ओलसर माती घ्या, वर चमचाभर युरिया पसरा, झाकण घट्ट लावून ओसरीत ठेवा. दोन-तीन दिवसांनी झाकण उघडून नाक जवळ न्या. गोठ्यात मूत्राचा उग्र दर्प येतो तसा वास येईल. तो अमोनिया. मातीतलं युरिएज नावाचं विकर युरियाचे तुकडे करतं. आपल्या बऱ्याच काळ्या जमिनी चुनखडीच्या आणि विम्लधर्मी (आम्लाच्या उलट गुणाच्या) असल्याने तो वायू मातीत टिकत नाही. हेच युरियाचे दाणे मातीखाली असले, तर अमोनियाला चिकणमातीचे कण धरून ठेवतात. बरणीची ही परीक्षा मुलांसमोर करा, त्यांना शाळेतल्या धड्यापेक्षा लवकर समजतं. 2015 पासून देशात मिळणारा जवळपास सगळा युरिया निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो. त्या लेपाने अमोनियमचं नायट्रेट होण्याचा वेग कमी होतो. उघड्यावर फेकलेल्या खताला मात्र तो लेप वाचवू शकत नाही.

आता किती द्यायचं ते पाहू. कोरडवाहू बीटी कपाशीला हेक्टरी 60:30:30 किलो नत्र, स्फुरद, पालाश ही मात्रा धरतात. म्हणजे एकरी नत्र 24 किलो. पेरताना एकरी डीएपीची (नत्र-स्फुरदाच्या खताची) 50 किलोची एक थैली दिली असेल, तर 9 किलो नत्र त्यातच आलं. उरलं 15 किलो. युरियात 46 टक्के नत्र असतं, म्हणजे 33 किलो युरिया लागतो, 45 किलोच्या थैलीतला पाऊण भाग. तोही एकदम नाही. निम्मा पीक महिन्याचं झाल्यावर, निम्मा पाती-फुलं धरताना. ओलिताच्या कपाशीचा हिशेब वेगळा, आणि माती परीक्षणाचा कागद हाती असेल तर त्याचंच ऐका. पण कोरडवाहू वावरात एकरी दोन-दोन, तीन-तीन थैल्या पडताना मी पाहतो तेव्हा जीव तुटतो. त्या जास्तीच्या नत्राने झाड नुसतं लुसलुशीत वाढतं आणि मावा-तुडतुड्याला बोलावणं जातं.

नायट्रस ऑक्साइडचं एवढं का मनावर घ्यायचं, असं कोणी विचारेल. हा वायू हवेत शंभराहून अधिक वर्षं राहतो. शंभर वर्षांच्या हिशेबात त्याचा एक किलो 273 किलो कार्बन डायऑक्साइडएवढी उष्णता अडवतो. जमिनीत दिलेल्या नत्रातलं साधारण एक टक्का या रूपात जातं, असं जगभरच्या हिशेबात धरतात. वावर कोरडं असेल तर कमी, तुंबलेलं असेल तर जास्त. एका युरियाच्या थैलीत पावणे एकवीस किलो नत्र असतं. त्यातून सुमारे सव्वातीनशे ग्रॅम नायट्रस ऑक्साइड निघतो, म्हणजे जवळपास 90 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे ट्रॅक्टरमध्ये 33 लिटर डिझेल जाळल्यासारखं. पाऊस एकदम कोसळणं आणि मग महिनाभर दडी मारणं आपण सोसतो आहोत. त्यात आपल्या हातून भर पडू नये, आणि तीही विकत घेतलेल्या खताने, असं मला मनापासून वाटतं.

सोयाबीनवाल्यांना या दिवसांत उभ्या पिकात युरिया देण्याचं कारणच नसतं. पीक 35-40 दिवसांचं झालं, की एक झाड मुळासकट उपटा. ओढू नका, खुरप्याने मातीसह काढा, नाहीतर गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात हलवून धुवा आणि एक गाठ नखाने चिरा. आत गुलाबी-लाल निघाली, तर रायझोबियम जीवाणू हवेतलं नत्र धरून झाडाला देताहेत असं समजा. अशा झाडाला वरून युरिया दिला तर गाठी आळशी होतात. आतून पांढरी किंवा हिरवट निघाली तर त्या काम करत नाहीत. पण बहुतेक वेळा तिथेही मूळ कारण साचलेलं पाणी असतं किंवा बियाण्याला जीवाणू संवर्धन न लावणं. यंदा दोन टक्के फवारणीवर भागवा, पुढच्या पेरणीला रायझोबियम विसरू नका. तुरीचंही असंच.

भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूरच्या धानपट्ट्यात गोष्ट निराळी. बांधीत (धानाच्या बांध घातलेल्या वावरात) पाणी सतत उभं असलं, की मिथेन हा दुसरा हवा तापवणारा वायू तयार होतो. रोवणी रुजल्यावर बांधी कायम भरलेली ठेवायची गरज नाही. हातभर लांबीच्या प्लास्टिक पाइपाला खालच्या अर्ध्या भागात भोकं पाडा, तो अर्धा बांधीत रोवा, आतली माती काढा. पाइपातलं पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटर गेलं, की पुन्हा पाणी द्या. फुलोऱ्यात मात्र पाणी तुटू देऊ नका. या पद्धतीने मिथेन साधारण निम्म्यावर येतो आणि तलावाचं, कालव्याचं पाणी वाचतं. पण बांधी वाळवायची आणि लगेच युरिया फेकून पाणी भरायचं, असं वारंवार झालं तर नायट्रस ऑक्साइड वाढतो. म्हणून धानाला युरिया-डीएपीच्या ब्रिकेट (दाबून केलेल्या गोळ्या) चांगल्या. रोवणीच्या दिवशीच चार चुडांच्या (रोवलेल्या रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध एक, 7 ते 10 सेंटिमीटर खोल चिखलात खोचायची. हात दुखतात, मजूर कुरकुर करतात, हे खरं आहे. पण त्या खोलीवर नत्र हवेला सापडत नाही आणि नंतरचे हप्ते वाचतात.

पाण्यावाटे गेलेल्या नायट्रेटचं ठिकाण आपली विहीर आहे. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात जास्त नायट्रेटसाठी वर्धा, बुलडाणा, अमरावती आणि यवतमाळ ही नावं आहेत. पिण्याच्या पाण्यात लिटरला 45 मिलिग्रॅम ही मर्यादा. हे पाणी उकळून साफ होत नाही, उलट उकळल्याने नायट्रेटचं प्रमाण वाढतं. त्या पाण्यात कालवलेलं पावडरचं दूध सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद कमी करतं. घरात तान्हं बाळ असेल आणि पाणी विहिरीचं असेल, तर एकदा तपासून घ्या. उकिरडाही विहिरीपासून दूर हवा. पावसाळ्यात त्यावर ताडपत्री किंवा पऱ्हाटीच्या काड्यांवर मातीचा थर द्या, नाहीतर शेणखतातलं नत्रही हवा आणि पाणी याच दोन वाटांनी निघून जातं.

हवामान खात्याचा कृषी सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, मेघदूत ॲपवर तालुक्याचा अंदाजही दिसतो. खताचा दिवस ठरवताना तो पाहा. पुढच्या दोन-तीन दिवसांत मोठा पाऊस दिसत असेल तर थैली कोठ्यात राहू द्या. हलकी सर येणार असेल, तर आदल्या दिवशी डवऱ्याआड खत द्या. ती सर दाणे विरघळवून मुळांपर्यंत नेते.