अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या अधिकारांचा अभ्यास : सुरुवात कुठून करावी

राज्यशास्त्राचे किंवा कायद्याचे विद्यार्थी अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाकडे वळतात तेव्हा बहुधा अधिकारांची यादी पाठ करून सुरुवात करतात : सरसेनापतीपद, नकाराधिकार, करार, नेमणुका, माफी. यादी बरोबरच असते, पण तिच्या आधारे एकाही खऱ्या वादाचा उलगडा होत नाही. राष्ट्राध्यक्षाला अमुक करता येतं का, याचं उत्तर क्वचितच त्याच्या स्वतःच्या कलमात सापडतं. त्या विषयावर काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, आधी काय केलं आहे, काय नाकारलं आहे आणि कशावर गप्प बसली आहे, तिथे ते सापडतं. प्रत्येक प्रकरणात हा प्रश्न सगळ्यांत आधी विचारायची सवय लावून घ्या.

म्हणून संविधान वाचतानाही दुसऱ्या कलमाच्या आधी पहिलं कलम वाचावं. मूळ मजकूर छोटा आहे, एका बैठकीत होतो. पहिल्या कलमाच्या सातव्या विभागात नकाराधिकार आहे (हो, तो काँग्रेसच्या कलमात आहे, आणि हेच लक्षात ठेवण्यासारखं आहे). आठव्यात युद्ध जाहीर करणं, सैन्य उभारणं, व्यापाराचं नियमन आहे. नवव्यात, कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असं बंधन आहे. मग दुसरं कलम वाचा आणि दोन्हींची पहिली वाक्यं शेजारी ठेवा. काँग्रेसला ‘इथे दिलेले’ कायदेविषयक अधिकार मिळतात. राष्ट्राध्यक्षाच्या वाक्यात ‘इथे दिलेले’ हे शब्द नाहीत. सगळी कार्यकारी सत्ता एकट्या राष्ट्राध्यक्षाचीच, असं मांडणारे अभ्यासक या फरकावर मोठा भर देतात.

त्यानंतर फेडरलिस्ट निबंध, म्हणजे संविधान स्वीकारलं जावं म्हणून त्याच्या समर्थकांनी लिहिलेले लेख. एकूण ८५ आहेत, सगळे वाचायला बसलात तर दमून जाल. मॅडिसनचे ४७, ४८, ५१ आणि हॅमिल्टनचे ६९, ७०, ७३ एवढे पुरेत, आणि सुरुवात ४७ पासूनच करा. सत्ताविभाजन म्हणजे तीन शाखांनी एकमेकींच्या कामाला हातच लावायचा नाही, हा गैरसमज मॅडिसनने तिथेच खोडून काढला आहे. त्याचा आक्षेप एका शाखेची सगळी सत्ता दुसरीच्या हाती एकवटण्याला आहे. राज्यशास्त्रज्ञ रिचर्ड न्यूस्टॅट यांनी १९६० मध्ये हीच व्यवस्था ‘सत्ता वाटून घेणाऱ्या वेगवेगळ्या संस्था’ अशी मांडली. परीक्षेत ‘सत्ताविभाजन’ लिहून ‘नियंत्रण व संतुलन’ हा त्याच्या उलटा मुद्दा म्हणून मांडणाऱ्यांचे गुण इथेच जातात.

आपल्याकडच्या विद्यार्थ्यांची आणखी एक अडचण असते : संसदीय पद्धत इतकी अंगवळणी पडलेली असते की राष्ट्राध्यक्षाचा पक्ष काँग्रेसमध्ये अल्पमतात गेला तर सरकार पडेल, असं नकळत गृहीत धरलं जातं. यावर उत्तम उतारा म्हणजे ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी केलेलं भाषण. कार्यकारी मंडळ स्थिरही हवं आणि जबाबदारही हवं, पण दोन्ही सारख्या प्रमाणात देणारी पद्धत सापडलेली नाही. अमेरिकी पद्धत स्थैर्य जास्त देते, ब्रिटिश पद्धत जबाबदारी, आणि भारतीय संविधानाच्या मसुद्याने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे, असं त्यांनी तिथे स्पष्ट केलं. अमेरिकेच्या अभ्यासाला इतकी नेमकी प्रस्तावना आपल्याला दुसरीकडे मिळणं अवघड आहे.

कार्यकारी आदेशाला ‘तिकडचा अध्यादेश’ समजणं ही दुसरी नेहमीची चूक. आपल्या कलम १२३ खालचा अध्यादेश संसदेच्या कायद्याइतकाच बलवान असतो, पण संसद पुन्हा भरल्यापासून सहा आठवड्यांत तिने मंजूर केला नाही तर संपतो. अमेरिकी कार्यकारी आदेशाला अशी मुदत नसते, पण स्वतःचं बळही नसतं. त्याचं मूळ एखाद्या कायद्यात किंवा संविधानात दाखवावं लागतं. म्हणून आदेश वाचताना पहिला परिच्छेद सोडू नका. कोणत्या कायद्याच्या आधारे तो काढला आहे, हे तिथे लिहिलेलं असतं. तो कायदा उघडून नेमकं पोटकलम वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. शिवाय राष्ट्राध्यक्षांचं प्रत्येक धोरण कार्यकारी आदेशाच्याच रूपात येतं असंही नाही. घोषणापत्रं असतात, ज्ञापनं असतात. लहानपणी अमेरिकेत आणलेल्या, कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना दिलासा देणारा २०१२ चा ‘डाका’ कार्यक्रम तर गृहसुरक्षा खात्याच्या मंत्र्यांच्या ज्ञापनाने सुरू झाला होता.

एकच निकाल मुळातून वाचायचा असेल तर तो यंगस्टाउन शीट अँड ट्यूब विरुद्ध सॉयर, १९५२. कोरियाचं युद्ध चालू होतं आणि पोलाद कामगारांचा संप ९ एप्रिलला सुरू होणार होता. ८ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी कार्यकारी आदेश १०३४० काढून वाणिज्यमंत्री चार्ल्स सॉयर यांना देशातले बहुतेक पोलाद कारखाने ताब्यात घ्यायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी काँग्रेसला कळवलं. काँग्रेसने काहीच केलं नाही. कंपन्या कोर्टात गेल्या आणि २ जूनला सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी हा ताबा बेकायदा ठरवला.

इथे आपला पहिला प्रश्न विचारा : काँग्रेसने आधी काय केलं होतं? १९४७ च्या टॅफ्ट-हार्टली कायद्यात मोठा संप ८० दिवस रोखण्याची सोय होती आणि ट्रुमन यांनी ती वापरली नव्हती. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो कायदा करताना सरकारला उद्योग ताब्यात घेण्याचा अधिकार देणारी दुरुस्ती काँग्रेससमोर आली होती आणि ती नामंजूर झाली होती. खटल्याचा कणा हा आहे. नुसतं ‘आणीबाणीत राष्ट्राध्यक्षाला किती अधिकार असतात’ असं विचारत राहिलात तर तो हाती लागणार नाही.

बहुमताचा निकाल न्यायमूर्ती ब्लॅक यांचा आहे. तो आटोपशीर असल्याने अनेकजण तेवढाच वाचून थांबतात. पण बहुमतातल्या उरलेल्या पाचही न्यायमूर्तींनी स्वतंत्र मतं लिहिली आहेत, आणि पुढच्या काळात वजन मिळालं ते जॅक्सन यांच्या मताला. त्यांच्या तीन पायऱ्या अशा : काँग्रेसच्या संमतीने वागणारा राष्ट्राध्यक्ष सर्वांत बलवान; काँग्रेस गप्प असेल तर मधला धूसर पट्टा; काँग्रेसच्या इच्छेविरुद्ध वागला तर सत्ता सर्वांत क्षीण, आणि तिथे केवळ त्याच्या एकट्याच्या अशा संवैधानिक अधिकारावरच तो टिकू शकतो. इराणमधल्या ओलिसांच्या सुटकेसाठी झालेल्या समझोत्यावरचा १९८१ चा डेम्स अँड मूर निकाल याच चौकटीत लिहिला गेला. तो लिहिणारे रेनक्विस्ट १९५२ मध्ये जॅक्सन यांचेच लॉ क्लार्क, म्हणजे कायदेविषयक सहायक होते. तिसऱ्या पायरीवर राष्ट्राध्यक्ष जिंकल्याचं उदाहरण हवं असेल तर पासपोर्टवर जेरुसलेमची नोंद कशी करावी, या वादातला २०१५ चा झिव्होटोफस्की निकाल पाहा.

या पायऱ्या पाठ करणं सोपं आहे, लावणं कठीण. ‘विषय’ किती रुंद धरायचा यावर पायरी बदलते, आणि मौन म्हणजे संमती की नकार यावरही. त्यामुळे प्रत्येक खटल्यासाठी दोन्ही बाजूंनी अर्धं अर्धं पान लिहून पाहा : एकदा दुसरी पायरी आहे असं सिद्ध करा, एकदा तिसरी. हा सराव टाळणाऱ्यांची उत्तरं राष्ट्राध्यक्ष आवडता की नावडता, यावर ठरू लागतात.

मग एक अलीकडचा वाद तारखांसह तिन्ही शाखांतून फिरवा. मेक्सिको सीमेवरच्या भिंतीचा वाद यासाठी चांगला आहे. ट्रम्प प्रशासनाने ५.७ अब्ज डॉलर मागितले, काँग्रेसने १.३७५ अब्ज दिले. १५ फेब्रुवारी २०१९ रोजी ट्रम्प यांनी १९७६ च्या राष्ट्रीय आणीबाणी कायद्याखाली आणीबाणी जाहीर केली. दोन्ही सभागृहांनी ती संपवण्याचा ठराव केला. १५ मार्चला नकाराधिकार वापरला गेला. २६ मार्चला प्रतिनिधिगृहात २४८ विरुद्ध १८१ मतं पडली, म्हणजे नकार ओलांडायला लागणारी दोन तृतीयांश झाली नाहीत. मूळ कायद्यात काँग्रेसला राष्ट्राध्यक्षाच्या सहीविना आणीबाणी संपवता येत होती. पण १९८३ च्या चड्ढा निकालाने असे एकतर्फी ठराव बाद ठरल्यावर कायदा बदलावा लागला, आणि तेव्हापासून आणीबाणी संपवायलाही नकाराधिकार ओलांडावा लागतो. एका निकालाने सत्तेचा तोल किती सरकतो, हे इथे दिसतं.

याच प्रकरणात एक सापळा आहे. जुलै २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संरक्षण खात्याचे सुमारे २.५ अब्ज डॉलर भिंतीसाठी वापरण्यावर खालच्या न्यायालयाने घातलेली बंदी उठवली, ती आणीबाणीच्या आधारे घेतलेल्या रकमेवरची नव्हती. ती रक्कम खर्चाच्या वार्षिक कायद्यातल्या, निधी दुसऱ्या कामासाठी वर्ग करण्याच्या तरतुदीखाली हलवलेली होती. ‘न्यायालयाने आणीबाणी वैध ठरवली’ हे वाक्य म्हणून चूक आहे. पैसा कुठून कुठे गेला आणि कोणत्या कलमाखाली, याचा छोटा तक्ता केला की ही चूक होत नाही.

बाकीचं थोडक्यात. नकाराधिकाराला रविवार वगळून दहा दिवस मिळतात. त्या मुदतीत काँग्रेस तहकूब झाली आणि सही झाली नाही, तर विधेयक आपोआप पडतं. फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या ६३५ नकारांपैकी फक्त ९ ओलांडले गेले. १९७३ च्या युद्धाधिकार ठरावातले आकडे पाठ हवेत : सैन्य पाठवल्यावर ४८ तासांत काँग्रेसला अहवाल, ६० दिवसांची मर्यादा, माघारीसाठी आणखी ३०. मात्र २०११ मध्ये लिबियाबाबत ओबामा प्रशासनाने ही कारवाई कायद्याला अभिप्रेत असलेली ‘लढाई’च नाही, असा अर्थ लावला, तोही लिहा. अधिकाऱ्यांना काढून टाकण्याबद्दल संविधान महाभियोगापलीकडे काही सांगत नाही. १९२६ चा मायर्स, १९३५ चा हम्फ्रीज एक्झिक्युटर, १९८८ चा मॉरिसन आणि २०२० चा सैला लॉ याच क्रमाने वाचा, नाहीतर शेवटचा कळत नाही.

साधनं फुकट आहेत. आदेश आणि घोषणापत्रांसाठी फेडरल रजिस्टर हे सरकारी राजपत्र. भाषणं व नकारपत्रांसाठी सांता बार्बरा इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अमेरिकन प्रेसिडेन्सी प्रोजेक्ट. सर्वोच्च न्यायालयातल्या युक्तिवादांच्या ध्वनिफितींसाठी ऑयेझ हे संकेतस्थळ. नव्या विषयाची पहिली ओळख काँग्रेशनल रिसर्च सर्व्हिसच्या अहवालातून करून घ्या. ते काँग्रेस सदस्यांसाठी लिहिलेले असल्याने दोन्ही बाजू आणि कलमं नीट देतात. निकालाच्या सुरुवातीचा सारांश न्यायालयाचा नसतो, नोंद करणाऱ्या अधिकाऱ्याचा असतो, तो उद्धृत करू नये. आणि हम्फ्रीजसारख्या जुन्या निकालावर निबंध उभा करण्याआधी, जमा करण्याच्या आठवड्यात तो निकाल अजून उभा आहे का हे पुन्हा तपासा. पदच्युतीच्या प्रश्नावर सध्या कायदा वेगाने बदलतो आहे.